उन्हात ठेवलेली तबकडी

मित्रांनो, मी एक जुनी तबकडी आहे, अशी सुरुवात करणार होते. पण ते अर्धंच खरं. माझ्यातली गाणी जुनी आहेत, तुमच्या आईबाबांच्या जन्माच्या आसपासची. मी स्वतः मात्र अलीकडची. ही गाणी पहिल्यांदा निघाली तेव्हाच्या तबकड्या झिजल्या, फुटल्या, हरवल्या. बऱ्याच वर्षांनी कोणाला तरी वाटलं, की हे पुन्हा काढावं. मग जुन्या फिती शोधल्या, साचे नव्यानं केले, वेष्टनावर जुनंच चित्र छापलं आणि माझ्यासारख्या नव्या तबकड्या बाजारात आल्या. पुस्तकाची नवी आवृत्ती निघते ना, तशीच मी.

गाणी होती समुद्राकाठच्या एका परदेशी शहरातल्या चार मुलांची. तिथली गोदी बंद पडली होती, कामं मिळत नव्हती, घरी बसून बोलणी खावी लागत होती. त्यांनी उसनी गिटारं आणि ड्रम आणले आणि चौघं मिळून गाऊ लागले. नीट वाजवता कोणालाच येत नव्हतं. पण मनात खूप साठलं होतं आणि ते त्यांनी भराभर, मोठ्यानं, घसा बसेपर्यंत म्हटलं. अशा गाण्यांना पंक रॉक म्हणतात. त्यांचा हा पहिलाच अल्बम. वेष्टनावर त्यांचा काळा-पांढरा फोटो आहे. बसथांब्याच्या बाकावर चौघं बसलेत आणि त्यातल्या एकाच्या पायांत काहीच नाही.

माझा जन्म कारखान्यातला. काळे प्लास्टिकचे दाणे वितळवून त्यांचा गोळा केला, तो दोन साच्यांच्या मध्ये ठेवला आणि वाफेनं तापलेल्या यंत्रानं जोरात दाबला. माझ्या दोन्ही बाजूंना केसाहून बारीक खाच उमटली. सगळी गाणी त्या खाचेत. मग मला थंड केलं, कडा कापल्या आणि कागदी पिशवीत घालून वेष्टनात सरकवलं. तेव्हा मी अगदी सपाट होते. आम्हा तबकड्यांचं सगळं त्या सपाटपणावर अवलंबून असतं. सुई खाचेतून सरळ गेली तरच गाणं नीट ऐकू येतं.

मी जयपूरला आले ती आदर्श नगरमधल्या एका छोट्या दुकानात. तिथून मला प्रबुद्ध गजभियेनं घेतलं.

प्रबुद्धचं घर मूळचं नागपूरचं. त्याचे वडील बळवंत रेल्वेच्या सिग्नल खात्यात होते. बदली झाली म्हणून ते सगळे जयपूरला आले आणि रेल्वे कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये राहू लागले. आई लता, धाकटी बहीण गौतमी आणि प्रबुद्ध. आईबाबा घरात नागपुरी बोलत. मुलांच्या मराठीत हिंदी मिसळलेली असे. प्रबुद्धनं कॉलेज संपवलं होतं आणि तो मुलांच्या शिकवण्या घेत होता. रेल्वेची परीक्षा त्यानं द्यावी, असं बाबांना वाटे. त्याला गाणं म्हणायचं होतं.

माझ्यासाठी त्यानं चारदीवारीतल्या, म्हणजे जुन्या शहरातल्या, एका रेडिओवाल्याकडून जुना रेकॉर्ड प्लेअर आणला. ई-रिक्षात तो मांडीवर धरून बसला होता, असं गौतमी हसत हसत आईला सांगत होती. पहिल्यांदा मी वाजले तेव्हा हिवाळा होता. आई जमिनीवर बसून मटार सोलत होती. सुई टेकली, ड्रम सुरू झाले आणि तिच्या हातातली शेंग तशीच राहिली.

“अरे बाबू, हे गाऊन राहिले का भांडून राहिले?”

“भांडून राहिले, आई.”

“कोणाशी?”

“सगळ्यांशीच. मतलब, जे कोणी ह्यांचं ऐकत नाही त्यांच्याशी.”

आईनं माझं वेष्टन हातात घेतलं, लांब धरून पाहिलं. “ह्या पोराच्या पायांत चप्पल नाही रे,” ती म्हणाली. “थंडी वाजत असंल त्याले.”

मित्रांनो, ते माझे चांगले दिवस. प्रबुद्धचा मित्र राघव गिटार घेऊन यायचा. दोघं मला पुन्हा पुन्हा वाजवत, थांबवत, तीच ओळ परत लावत. गौतमी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून डोकं हलवायची. बाबा ड्युटीवरून आले की बूट काढून सरळ आत जात. आवाज कमी कर, असंही ते कधी म्हणाले नाहीत. ते माझ्याकडे बघत मात्र नसत. घरात पाहुणा आलाय आणि तो जाईपर्यंत गप्प राहायचं, अशी त्यांची रीत होती.

मग प्रबुद्ध आणि राघवला सरावासाठी खोली हवी झाली. क्वार्टरमध्ये ड्रम वाजवले तर शेजारी ओरडले असते. आदर्श नगरमध्ये एका घराच्या गच्चीवरची खोली त्यांना आवडली. मालकानं चहा पाजला, खोली दाखवली, किल्लीही पुढे केली. मग विचारलं, “बेटा, पूरा नाम?”

“प्रबुद्ध.”

“आगे?”

“गजभिये.”

“ये कौन होते हैं?”

प्रबुद्धनं सांगितलं. मालक हसून म्हणाला, की अरे, मी विसरलोच, माझा पुतण्या येणार आहे राहायला. किल्ली परत खिशात गेली. घरी आल्यावर प्रबुद्धनं हे गौतमीला सांगितलं ते माझ्या शेजारी बसूनच, म्हणून मला ठाऊक आहे. सांगताना तो शांत होता. मग त्यानं मला प्लेअरवर ठेवलं आणि एकच बाजू लागोपाठ तीनदा वाजवली.

त्या आठवड्यात त्यानं स्वतःचं पहिलं गाणं केलं. गाण्यात एकच शब्द होता, “आगे?” सुरुवातीला तो हळू, गोड आवाजात विचारायचा, जसं त्या मालकानं विचारलं होतं. मग जोरात, मग आणखी जोरात. शेवटी तो प्रश्न राहायचाच नाही, नुसती किंकाळी व्हायची. माझ्यातल्या चौघांना मराठी आली नसती, हिंदी आली नसती, पण हे गाणं त्यांना लगेच कळलं असतं.

एका कॉलेजच्या कार्यक्रमात त्यानं ते म्हटलं. समोरची मुलं त्याच्याबरोबर ओरडू लागली. कोणीतरी मोबाईलवर ते टिपलं आणि ते पसरत पसरत बाबांच्या ऑफिसात पोचलं. तिथे कोणीतरी हसत म्हणालं, “गजभियेजी, लड़का नेता बनेगा क्या?” बाकीचेही हसले. बाबाही हसले म्हणे. घरी आले तेव्हा हसू गेलं होतं.

“ते मोबाईलवरून काढून टाक,” ते प्रबुद्धला म्हणाले.

“का? खोटं आहे का त्यात काही?”

“खरं आहे म्हणूनच म्हणून राहिलो.”

“बाबा, तुम्ही घाबरता.”

बाबा खुर्चीवर बसले. पायातले मोजे काढून त्यांनी त्यांची घडी केली. मग म्हणाले, “हो. घाबरतो. मले ज्या ज्या गावात पाठवलं, तिथं तिथं मले हेच विचारलं. मी उत्तर दिलं आणि आपलं काम केलं. तुम्हा दोघांले शिकवलं. मले दुसरं काही जमलं नाही.”

“मला जमेल.”

“तुले लोक मारतील रे, बाबू.”

“मग मारू देत. पण मी गप्प बसून म्हातारा होणार नाही. तुमच्यासारखा.”

शेवटचे दोन शब्द त्यानं उगाच जोडले. ते तोंडातून निघाल्यावर त्याचाही चेहरा पडला, पण परत घेतले नाहीत. आई मधे आली, बाबांना म्हणाली, राहू द्या न. बाबा उठून आत गेले.

पुढच्याच महिन्यात प्रबुद्ध पुण्याला गेला. तिथे एका ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत त्याला मदतनिसाचं काम मिळालं. जाताना त्यानं मला हातात घेतलं, क्षणभर विचार केला आणि परत ठेवलं. प्लेअर नेता येणार नव्हता आणि प्लेअरशिवाय मला नेऊन काय करायचं? “आई, हिला जप,” तो म्हणाला. “मी नंतर नेईन.”

“जपते न. तू जेवत जाशील ना वेळेवर?”

मित्रांनो, त्यानंतर मी वाजले नाही. लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात, हिवाळ्याच्या गोधड्यांशेजारी माझी जागा झाली. प्रबुद्धचा फोन यायचा तो आईला. बाबा खोलीत असले तर आई मुद्दाम मोठ्यानं बोलायची, म्हणजे त्यांना ऐकू जावं. बाबा पेपर उलटत नसत, तेवढा वेळ एकाच पानावर थांबत. फोन संपला की विचारत, “काय म्हणून राहिला?” एवढंच.

याच काळात आई आजारी पडली. मूत्रपिंडं नीट काम करत नव्हती. तिला डायलिसिससाठी इस्पितळात न्यावं लागे. घरी आली की ती भिंतीकडे तोंड करून झोपे. बाबा तिच्या पायांना तेल लावत. पण प्रबुद्धला काही सांगायचं नाही, असं तिनं दोघांना बजावून ठेवलं होतं.

“नवीन काम आहे त्याचं. सोडून येईल तो आणि इथं येऊन पुन्हा तुमच्याशी भांडंल,” ती बाबांना म्हणायची. “मी बरी झाली की सांगू.”

पावसाळ्यात क्वार्टरच्या भिंतीला ओल आली होती. ती कपाटाच्या फटींतून आत शिरली आणि माझ्या वेष्टनाला वास लागला. आईला तो उन्हाळ्यात कळला, गोधड्या काढताना. त्या दिवशी तिला जरा बरं वाटत होतं. बाबा ड्युटीवर होते, गौतमी कॉलेजात. आईनं जिन्यावर दर दोन पायऱ्यांनी दम घेत एकेक वस्तू गच्चीवर नेली. गोधड्या, प्रबुद्धचा स्वेटर, त्याची पुस्तकं. सगळ्यात शेवटी मला. पांढरी चादर अंथरून तिच्यावर तिनं सगळं नीट मांडलं. मला तिनं वेष्टनातून आणि कागदातून काढलं, पदरानं हलकेच पुसलं आणि चादरीच्या मधोमध ठेवलं.

जशी डाळीला ऊन दाखवतात, गादीला दाखवतात, तसंच तिनं मला ऊन दाखवलं. जपणं म्हणजे हेच, असं कोणत्याही घरातल्या आईला माहीत असतं. तिला कोणी सांगितलं नव्हतं, की मी तापवूनच घडले आहे आणि तापले की मोडतेही.

जयपूरचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला ठाऊक नसेल. गच्चीवर अनवाणी पाऊल टेकवत नाही. दुपार चढली तशी मी मऊ पडत गेले. आधी एक कड उचलली गेली, मग समोरची. माझ्यातल्या खाचा ताणल्या जात होत्या. मला ओरडायचं होतं आणि माझ्यात तर नुसतं ओरडणंच भरलेलं आहे. पण सुई टेकल्याशिवाय मला आवाज नाही.

संध्याकाळी गौतमी घरी आली. आई मला पुन्हा वेष्टनात घालत होती आणि मी नीट आत जात नव्हते.

“बघ, वास गेला सगळा,” आई खुशीत म्हणाली. “थोडी वाकल्यासारखी वाटते का गं? तशीच होती वाटते.”

गौतमीनं मला पाहिलं. तिच्या तोंडून ओरड निघता निघता राहिली. आईचा चेहरा उन्हानं लाल झाला होता, हात सुजलेले होते आणि ती किती तरी दिवसांनी हसत होती.

“हो आई,” गौतमी म्हणाली. “तशीच होती.”

बाबांना तिनं सगळं सांगितलं. बाबांनी मला पहिल्यांदा हातात घेतलं ते तेव्हा. त्यांनी मला डोळ्यांसमोर आडवं धरलं, रूळ सरळ आहे का ते पाहावं तसं एका डोळ्यानं पाहिलं. मग दोन लाकडी फळ्यांच्या मध्ये मला ठेवून वर लोखंडी पेटी ठेवली. रोज ड्युटीवरून आले की ते पेटी उचलून बघत. मी सरळ झाले नाही.

आईला हे कधीच कळलं नाही. शेवटच्या दिवसांत तिनं फोनवर प्रबुद्धला सांगितलं, “तुझी ती काळी ताटली मी जपून ठेवली आहे हं. तू आला की ने.” तिचा आवाज बारीक झाला होता. त्यानं विचारलं, तर म्हणाली, सर्दी झाली.

ती गेली तेव्हा बाबांनी स्वतः त्याला फोन केला. तो आला, पण तिला त्यानं पाहिलं ते निजलेलीच. घरी बुद्धवंदना झाली, कॉलनीतले लोक आले, पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. सगळे गेल्यावर प्रबुद्ध बाबांसमोर येऊन उभा राहिला.

“मला आधी का नाही सांगितलं?”

बाबांनी गौतमीकडे पाहिलं आणि नको अशी मान हलवली. “राहून गेलं,” ते म्हणाले.

“राहून गेलं?”

प्रबुद्ध कपाटाकडे वळला. “आईनं माझी रेकॉर्ड जपून ठेवली होती. ती घेऊन मी जातो.” वरच्या खणात मी नव्हते. त्यानं शोधलं, पेटी बाजूला केली, फळ्यांमधून मला काढलं. वेष्टनातून बाहेर आले तेव्हा माझ्या दोन्ही कडा त्याच्या बोटांवर झोके घेत होत्या.

“हे कोणी केलं?”

गौतमीनं तोंड उघडलं.

“मी,” बाबा म्हणाले. “उन्हात ठेवली होती.”

“उन्हात? का?”

“ठेवली.”

“मुद्दाम?”

बाबांनी लोखंडी पेटी उचलून परत जागेवर ठेवली. प्रबुद्धचा आवाज फुटला. “आई असती तर तिनं तुम्हाला हे करू दिलं नसतं. तिनं ही जपून ठेवली होती.”

“हो,” बाबा म्हणाले. “तिनं जपूनच ठेवली होती.”

प्रबुद्धनं मला तिथेच पलंगावर टाकलं. गौतमी त्याच्यामागे दारापर्यंत धावली, “दादा, ऐक तरी,” म्हणाली. पण बाबांनी तिला हाक मारली आणि तिचे पाय थांबले. प्रबुद्ध गेला. तेव्हापासून त्याचा फोन आलेला नाही. गौतमीला कधी तरी दोन ओळींचा निरोप येतो, तेवढाच.

“बाबा, तुम्ही असं का केलं?” ती त्या दिवशी रडत विचारत होती. “मी सांगते त्याला खरं काय ते.”

“नको.” बाबा पलंगाच्या कडेला माझ्याजवळ बसले होते. “माझ्यावर रागवायची त्याले सवय आहे. आईवर रागवायची नाही. आता ती कायले लावायची?”

“पण तो येणार नाही मग.”

“माहीत आहे.”

त्यानंतर घर फार शांत झालं. बाबा ड्युटीवर जात, परत येत, कुकर लावत. गौतमी अभ्यास करी. एका रविवारी सकाळी बाबांनी प्लेअरवरचं कापड काढलं, त्याची धूळ पुसली आणि गौतमीला म्हणाले, “हे कसं लावतात? मले ऐकायचं आहे.”

“ती वाकली आहे, बाबा. नीट वाजणार नाही.”

“लाव.”

गौतमीनं मला ठेवलं. मी फिरू लागले, तशी सुई होडीसारखी वर-खाली होऊ लागली. ड्रम पुढे-मागे धावत होते. गाणाऱ्याचा आवाज ताणला जायचा, घोगरा व्हायचा, पुन्हा चढायचा. मधेच सुई उडून दोन ओळी पलीकडे पडायची. मला फार लाज वाटत होती, मित्रांनो. इतक्या वर्षांत त्या माणसानं पहिल्यांदा मला ऐकायला घेतलं होतं आणि मी अशी.

बाबा अगदी पुढे वाकून ऐकत होते. कपाळावर आठ्या होत्या. पहिली बाजू संपत आली तेव्हा त्यांनी विचारलं, “हे असंच आहे, का उन्हानं झालं?”

गौतमीला हसू आलं आणि हसता हसताच डोळे भरले. “थोडं असंच आहे, बाबा. थोडं उन्हानं.”

“कुठून कुठवर काय, ते कळत नाही.”

“नाही कळत.”

बाबा खुर्चीत मागे टेकले. “दुसरी बाजू लाव,” म्हणाले.

आता ते दर रविवारी मला ऐकतात. त्यांना इंग्रजी नीट समजत नाही आणि जे समजलं असतं तेही माझ्या वाकण्यानं पुसट झालंय. तरी ते उठत नाहीत. कधी दाराशी पावलं वाजली तर मान वळवून बघतात. शेजारची कोणी असते, दूध घेऊन जाणारी.

मित्रांनो, आम्हा तबकड्यांना ऊन सोसत नाही, आम्हाला उभं ठेवावं, थंड जागी ठेवावं, हे तर तुम्ही लक्षात ठेवालच. पण मला तुमच्याकडे त्याहून मोठं मागायचं आहे. त्या घरात माझ्यात जे कोरलंय त्याशिवाय एक शब्दही मला बोलता येत नाही. म्हणून हे तुम्हाला सांगते. तुमच्यापैकी कोणी पुण्यात असाल आणि एखाद्या स्टुडिओत प्रबुद्ध नावाचा, नागपूरचा, जयपूरला वाढलेला मुलगा तुम्हाला भेटला, तर त्याला सांगा, की तिला ऊन तुझ्या आईनं दाखवलं होतं.

नाही, थांबा. ते नका सांगू. बाबांनी ते आपल्या अंगावर घेतलंय, त्यांचं ते त्यांच्याकडे राहू द्या. तुम्ही त्याला एवढंच म्हणा, की बाबांना एक फोन कर. रविवारी सकाळी कर, ते घरीच असतात.